जुना संगणक, नवा मदरबोर्ड : एक अभ्यास

स्मरणिकेची पाने सहसा आठवणींसाठी, कृतज्ञतेसाठी आणि गौरवासाठी राखलेली असतात. त्यांपैकी काही पाने आम्ही येथे एका वरवर कोरड्या वाटणाऱ्या विषयासाठी घेत आहोत. त्याला कारण आहे. निवासी विद्यालयात राहून शिकणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरी संगणक नसतो. संगणक कक्षात आठवड्यातून मिळणारे दोन-तीन तास हीच त्यांची या विद्येशी होणारी भेट. कक्षातील एक यंत्र बंद पडले की त्या बाकावरच्या दोन मुलांची पाळी जाते. दुसरीकडे, माजी विद्यार्थी आपापल्या कार्यालयातील जुने संगणक मोठ्या आपुलकीने विद्यालयाला देऊ करतात. आणि घरातला दहा-बारा वर्षांचा संगणक दुरुस्त करावा की भंगारात द्यावा, असे पालक विचारतात. या सर्वांना उपयोगी पडावी म्हणून ही मांडणी.

हा प्रश्न आताच निकडीचा होण्याचेही कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. नंतरच्या 'विंडोज ११' साठी ६४ बिटचा प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय पद्धतीचा 'सिक्युअर बूट' आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-व्यवस्था लागते. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच त्या यादीत आहेत. म्हणजे यंत्र ठणठणीत चालत असूनही ते 'कालबाह्य' ठरते. अशा वेळी संपूर्ण संगणक बदलणे हा एकच मार्ग आहे काय? नाही. पण इतर मार्ग निवडायचे तर आतली रचना समजून घ्यावी लागते.

मदरबोर्ड म्हणजे काय?

संगणकाच्या कॅबिनेटमध्ये उभी बसवलेली, तांब्याच्या बारीक वाटांनी भरलेली मोठी पाटी म्हणजे मदरबोर्ड. प्रोसेसर विचार करतो, रॅम तात्पुरते लक्षात ठेवते, हार्ड डिस्क कायमचे साठवते. परंतु या तिघांची एकमेकांशी गाठ घालून देणारा बोर्डच असतो. कोणता प्रोसेसर बसेल, कोणत्या जातीची रॅम चालेल, डिस्क किती वेगाने जोडली जाईल, हे सारे बोर्ड ठरवतो. म्हणूनच बोर्ड बदलणे हे पंखा किंवा कीबोर्ड बदलण्यासारखे नसते. घराचा पाया बदलण्याइतके ते मोठे काम आहे.

असा पाया बदलता येतो, याचे श्रेय एका साध्या गोष्टीला आहे : मापांचे प्रमाणीकरण. १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हे मानक प्रसिद्ध केले. त्यात बोर्डचा आकार, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा, मागील जोडण्यांचा चौकोन आणि वीजपुरवठ्याची जोडणी निश्चित झाली. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा असतो, तर त्याचा धाकटा भाऊ मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४ मिलिमीटरचा. आजचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या साध्या असेंबल केलेल्या कॅबिनेटमध्ये बहुधा बिनतक्रार बसतो, तो यामुळेच. काही ब्रँडेड संगणकांत मात्र उत्पादकाने बोर्डाचा आकार, वीजजोडणी किंवा समोरच्या बटणाची तार स्वतःच्या पद्धतीने केलेली असते. अशा यंत्रात बाजारातला सर्वसाधारण बोर्ड बसत नाही. खरेदीपूर्वी कॅबिनेट उघडून हे पाहावे.

एक उदाहरण घेऊ

शाळा-महाविद्यालयांत आणि घरांत आजही आढळणारा २०१२-१३ च्या सुमाराचा एक संगणक घेऊ. त्यात एच-६१ चिपसेटचा बोर्ड आहे, इंटेलचा आय-३ ३२२० हा तिसऱ्या पिढीचा, दोन गाभ्यांचा प्रोसेसर आहे, ४ जीबी डीडीआर-३ रॅम आणि ५०० जीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. सुरू व्हायला त्याला काही मिनिटे लागतात. ब्राउझरमध्ये चार पाने उघडली की तो अडखळतो.

नवा बोर्ड आणण्यापूर्वी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत, असे आम्ही सुचवतो.

पहिला प्रश्न : अडथळा खरोखर बोर्डाचाच आहे काय? बहुतेक वेळा मंदपणाचे मूळ हार्ड डिस्कमध्ये असते. एच-६१ चे साटा पोर्ट प्रतिसेकंद ३ गिगाबिट वेगाचे, म्हणजे आजच्या मानाने हळू असतात. तरीही तेथे एसएसडी बसवली की फरक तत्काळ जाणवतो, कारण तबकडी फिरून सुई जागेवर येण्याची वाट पाहावी लागत नाही. रॅम ४ वरून ८ जीबी केली आणि पंख्यातली धूळ काढली, तर या यंत्राला आणखी काही वर्षे मिळतात.

दुसरा प्रश्न : प्रणाली बदलून भागेल काय? मुलांना टंकलेखन, गणनपत्रक, प्रोग्रॅमिंगची ओळख आणि इंटरनेटचा विवेकी वापर शिकवायचा असेल, तर लिनक्सवर हे सर्व होते. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येते. लिनक्सला परवाना विकत घ्यावा लागत नाही, आणि टीपीएमची सक्तीही नसते.

तिसरा प्रश्न : बोर्ड मेला आहे, की केवळ म्हातारा झाला आहे? बोर्डवरील नळकांड्यासारखे कपॅसिटर माथ्यावर फुगलेले किंवा पाझरलेले दिसत असतील, तर बोर्ड गेला असे बहुधा समजावे. मात्र केवळ घड्याळ मागे पडत असेल आणि प्रत्येक वेळी तारीख चुकत असेल, तर दोष बोर्डाचा नसून त्यावरील ३ व्होल्टच्या सीआर-२०३२ या नाण्याएवढ्या बॅटरीचा असतो. ती बदलणे हे दोन मिनिटांचे काम आहे. बोर्ड खरोखर गेला असेल आणि गरज साधीच असेल, तर त्याच जातीचा दुसरा बोर्ड घेऊन जुना प्रोसेसर व रॅम त्यावरच बसवता येते. एच-६१ चे बोर्ड अजूनही बाजारात मिळतात. पण गरज विंडोज ११ ची, चित्रफीत संपादनाची किंवा जड सॉफ्टवेअरची असेल, तर पुढच्या पिढीचा बोर्ड घ्यावा लागतो.

काय राहते, काय जाते

येथेच अनेकांची फसगत होते. 'फक्त बोर्ड बदलायचा' असे म्हणत आपण दुकानात जातो आणि तीन वस्तूंचे बिल घेऊन परततो. त्यामागचे कारण प्रामाणिक आहे. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. आपल्या उदाहरणातील प्रोसेसर एलजीए-११५५ सॉकेटचा आहे. पुढील बोर्डांची सॉकेट निराळी आहेत. समजा, आपण एच-६१० चिपसेटचा, एलजीए-१७०० सॉकेटचा बोर्ड घेतला, तर त्यावर आय-३ १२१०० सारखा बाराव्या पिढीचा, चार गाभ्यांचा प्रोसेसर घ्यावा लागेल. जुनी डीडीआर-३ रॅम या बोर्डात बसणारच नाही. डीडीआर-३ च्या पट्टीला २४० टोके असतात, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांना प्रत्येकी २८८. शिवाय प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते. एच-६१० चे बोर्ड डीडीआर-४ आणि डीडीआर-५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, म्हणून खोक्यावरील अक्षरे नीट वाचूनच रॅम घ्यावी.

सॉकेटचे नाव सारखे असणेही पुरेसे नसते. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढ्यांचे सॉकेट एलजीए-११५१ याच नावाचे आहे, परंतु आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या बोर्डवर चालत नाही. याउलट एएमडीच्या एएम-४ सॉकेटवर अनेक पिढ्यांचे प्रोसेसर आले, आणि पुष्कळ बोर्डवर केवळ बायोस अद्ययावत करून नवा प्रोसेसर चालवता येतो. म्हणून बोर्ड-उत्पादकाने प्रसिद्ध केलेली प्रोसेसरांची यादी हाच शेवटचा पुरावा मानावा. दुकानदाराचा शब्द नव्हे.

आणखी दोन बाबी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' अक्षर असते, त्यांत चित्र दाखवणारा भाग नसतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर असा प्रोसेसर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. पडदा काळाच राहील. दुसरी बाब पंख्याची. एलजीए-११५५ च्या पंख्याची छिद्रे ७५ मिलिमीटर अंतरावर असतात आणि एलजीए-१७०० ची ७८ मिलिमीटरवर. तीन मिलिमीटरच्या या फरकामुळे जुना पंखा नव्या बोर्डवर बसत नाही.

राहते ते एवढे : कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, माउस, साटा जोडणीच्या डिस्क आणि, परिस्थिती चांगली असल्यास, एसएमपीएस. परंतु दहा वर्षे विजेचे चढउतार सोसलेल्या एसएमपीएसवर नवा बोर्ड टाकणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही. तेथे केलेली बचत पुढे बोर्डाच्या किमतीएवढी महाग पडू शकते. ज्या शाळांच्या कार्यालयात समांतर पोर्टवर चालणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किंवा जुन्या मराठी टंकलेखन सॉफ्टवेअरचे डाँगल आहे, त्यांनी नव्या बोर्डवर तो पोर्ट बहुधा नसतो हे लक्षात घ्यावे. दाखल्यांचे काम अडायला एवढे कारण पुरते.

पूर्वतयारी

सर्वप्रथम माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते की नाही हे पाहावे. जुन्या स्मरणिका, निकालपत्रके, छायाचित्रे एकदा गेली की ती कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. जुने मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील, तर ते फाँटही जपून ठेवावेत. अन्यथा मजकूर उघडेल, पण वाचता येणार नाही.

विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' सुरू आहे काय, हे पाहावे. असल्यास त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर उतरवून ठेवावी किंवा ते बंद करावे. डिस्क उघडणारी नेहमीची किल्ली टीपीएमशी, म्हणजे बोर्डशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की प्रणाली पुनर्प्राप्ती किल्ली मागते आणि ती नसेल तर डिस्कवरील माहिती कायमची कुलूपबंद होते.

प्रत्यक्ष काम

वीजजोडणी काढावी आणि त्यानंतर सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज निघून जाऊ द्यावी. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ही काळजी अधिक घ्यावी. तारा काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये. वीज काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये घातक भार राहू शकतो.

नव्या बोर्डवर प्रोसेसर, रॅम आणि पंखा कॅबिनेटबाहेरच, बोर्डच्या खोक्यावर ठेवून बसवावा. प्रोसेसरवरील छोटा त्रिकोण सॉकेटवरील त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवावा, दाबू नये. सॉकेटमधील पिना केसाइतक्या नाजूक असतात आणि वाकल्या की बोर्ड वाया जातो. पंख्याला पेस्ट आधीच लावलेली नसेल, तर प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट पुरते.

कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्ड टेकू नये म्हणून पितळी स्टँडऑफ असतात. नव्या बोर्डाची छिद्रे जेथे आहेत तेथेच ते ठेवावेत. एखादा जादा स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीला टेकला तर शॉर्ट होऊ शकतो. त्यानंतर २४ पिनांची मुख्य जोडणी आणि प्रोसेसरसाठीची १२ व्होल्टची ४ किंवा ८ पिनांची स्वतंत्र जोडणी द्यावी. ही दुसरी जोडणी विसरली की पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही, आणि चांगला बोर्ड 'खराब' म्हणून दुकानात परत जातो. समोरील बटण, रीसेट आणि दिव्यांच्या बारीक तारा बोर्डच्या पुस्तिकेतील आकृती पाहून लावाव्यात. दिव्यांची धन-ऋण बाजू उलटली तर दिवा लागत नाही, एवढेच. बटणाला अशी बाजू नसते.

पहिल्यांदा सुरू केल्यावर चित्र यायला थोडा वेळ लागू शकतो, कारण बोर्ड नव्या रॅमची ओळख करून घेत असतो. बायोसमध्ये जाऊन रॅम पूर्ण दिसते का, डिस्क दिसते का आणि प्रोसेसरचे तापमान स्थिर राहते का, हे पाहावे. जुनी डिस्क 'एमबीआर' पद्धतीने आखलेली असेल, तर नवा बोर्ड तिच्यावरून सुरू न होण्याचा संभव असतो. विंडोजमधील 'एमबीआर-टू-जीपीटी' हे साधन ती आखणी बदलू शकते. तरीही विंडोज नव्याने स्थापित करणे आम्हाला अधिक श्रेयस्कर वाटते. बायोस अद्ययावत करायचा असेल तर यूपीएस असल्याशिवाय करू नये. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

तोच संगणक की दुसरा?

बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलल्यावर उरते ते कॅबिनेट आणि मॉनिटर. मग हा संगणक जुनाच म्हणायचा की नवा? हा प्रश्न आपल्या वाचकांना परका नाही. 'मिलिंद प्रश्न' या ग्रंथात भदंत नागसेन राजा मिलिंदाला विचारतात की चाके म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय. आणि राजा प्रत्येकाला नकार देतो. अवयवांच्या परस्परसंबंधावर आधारलेले 'रथ' हे केवळ व्यवहारातील नाव, असा तेथील निष्कर्ष आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबाद येथील महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्या परिसराला नागसेनाचे नाव आहे, हे येथे आठवते. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू या दोघांचीही नावे विद्येच्या जागेला लाभली.

संगणकाच्या व्यवहारात या प्रश्नाची उत्तरे तिघे तीन प्रकारे देतात. सॉफ्टवेअर कंपनी ओळखीची खूण म्हणून बोर्ड धरते. यंत्राबरोबर आलेला ओईएम परवाना जुन्या बोर्डाबरोबरच संपतो असे ती मानते. नादुरुस्त बोर्ड बदलला तर सवलत असते, पण वरच्या पिढीचा बोर्ड घातला तर तिच्या लेखी तो नवा संगणक. स्वतंत्र विकत घेतलेला रिटेल परवाना मात्र नव्या बोर्डवर नेता येतो. शाळेची जडवस्तू नोंदवही कॅबिनेटवर रंगवलेला क्रमांक पाहते. तिच्या लेखी संगणक तोच. म्हणून बदललेल्या भागांची नोंद त्याच क्रमांकाखाली करून जुने भाग वेगळे दाखवावेत, म्हणजे पुढे हिशेब देणाऱ्याची अडचण होत नाही. तिसरे उत्तर मुलाचे : काल ज्यावर काम होत नव्हते, त्यावर आज होते. नाव कोणतेही असो, खर्च ज्याच्यासाठी केला ते येथे दिसते.

काढलेल्या बोर्डाचे काय?

काढलेला बोर्ड चालू असेल, तर तो दुसऱ्या यंत्रासाठी जपावा. मेला असेल, तर भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. त्यात तांबे आणि थोडे सोने असते, तसे जुन्या बोर्डच्या डाखात शिसेही असते. तारा उघड्यावर जाळून आणि बोर्ड आम्लात बुडवून हे धातू काढणारी माणसे कोणत्या वस्तीतली असतात, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. त्यांच्या फुप्फुसांत जाणारा धूर आपल्या घरातून निघालेल्या वस्तूचा असतो. भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांची व्यवस्था त्यांत आहे. कचरा तेथेच द्यावा. ज्या धम्मात सम्यक आजीविका हे मार्गाचे एक अंग आहे, त्याच्या अनुयायांनी दुसऱ्याच्या आजीविकेतील विषाचाही विचार करावा.

दात्यांना विनंती

माजी विद्यार्थ्यांनी संगणक पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी कळवाव्यात : प्रोसेसरची पिढी, रॅमची जात आणि कॅबिनेट सर्वसाधारण एटीएक्स मापाचे आहे की ब्रँडेड पद्धतीचे. डिस्कवरील स्वतःची माहिती पूर्ण पुसून पाठवावे. आठव्या पिढीच्या पुढचे यंत्र असेल, तर ते जसेच्या तसे उपयोगी पडेल. त्याहून जुने असेल, तर यंत्राऐवजी एक एसएसडी आणि रॅमची एक पट्टी दिली तरी तीच भावना अधिक काळ काम करील. एका नव्या संगणकाच्या खर्चात संगणक कक्षातील अनेक जुनी यंत्रे एसएसडी आणि लिनक्सवर पुन्हा उभी राहू शकतात.

सर्वांत शेवटी एक आग्रह. असा बोर्ड बदलण्याचे काम शाळेत होईल तेव्हा ते बंद दाराआड होऊ नये. आठवी-नववीच्या मुलामुलींना भोवती उभे करावे, प्रत्येकाच्या हातात एकेक भाग द्यावा, एखादीला रॅम बसवू द्यावी, एखाद्याला पुस्तिका मोठ्याने वाचू द्यावी. ज्यांच्या आजा-पणजांना विद्येच्या जवळ येऊ दिले जात नव्हते, त्यांच्या नातवंडांना यंत्राचे झाकण उघडण्याचीही भीती वाटू नये. वापरणारे पुष्कळ होतात. आत काय आहे हे ठाऊक असलेले थोडे असतात. आपल्या विद्यालयातून त्या थोड्यांची संख्या वाढावी.